'पियानो फेज'मधली रचना नेमकी कुठे आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या मनापासून लिहिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. माझा लेख होता अमेरिकी रचनाकार स्टीव्ह राइश यांच्या 'पियानो फेज' (1967) या दोन पियानोंच्या, तीन विभागांच्या रचनेबद्दल. तिच्या पहिल्या विभागात दोघे वादक बारा स्वरांचा एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजवतात, आणि दुसरा हळूहळू एकेक स्वर पुढे सरकतो; तो किती स्वर पुढे आहे, ती त्या वेळची 'स्थिती'. तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, हे बारा स्वर म्हणजे सरळ एकताल आहे आणि दुसरा वादक त्यावर आड लयीत वाजवतो, हे लेखात सांगायला हवं होतं. दोन, लेखातला बारा स्थितींचा तक्ता हे कागदावरचं गणित आहे, ते कानाला कळत नाही. तीन, प्रक्रिया एकदा सुरू करून दिल्यावर रचनाकाराने पुढे काही केलेलंच नाही; हे नुसतं 'यंत्र' आहे, त्यात 'काहीच घडत नाही'. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. पहिल्या दोघांची उत्तरं देत त्याच्याकडे येतो.

एकतालाच्या बारा मात्रा आणि इथले बारा स्वर, साम्य एवढंच आहे. एकतालात सम पहिल्या मात्रेवर असते, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर 'खाली' (टाळी न देण्याची जागा) असते, आणि ठेक्याचे बोल आपण कुठे आहोत ते सतत सांगत असतात. 'पियानो फेज'मध्ये सगळे स्वर सारख्याच लांबीचे आहेत, कोणत्याही एका स्वराला ठेक्यासारखं वजन दिलेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटणारी 'सम' थोड्या थोड्या वेळाने दुसऱ्याच स्वरावर जाऊन बसते, आणि तसं व्हावं हीच या रचनेची इच्छा आहे.

आड लयीचं म्हणणं तर मुळातच बसत नाही. आड म्हणजे दोनात तीन, कुआड म्हणजे चारात पाच. ही ठरलेली प्रमाणं आहेत आणि ती समेवर परत येतात. इथे काय होतं ते मोजून पाहू. गती साधारण अशी की टिंब लावलेलं क्रॉचेट (पाश्चात्त्य स्वरलिपीतलं एक कालमान) मिनिटाला 72 वेळा, आणि त्या प्रत्येकात सहा स्वर. म्हणजे मिनिटाला 432 स्वर, आणि बारा स्वरांचं एक आवर्तन सुमारे 1.67 सेकंदांत. समजा दुसऱ्या वादकाने पहिल्याच्या आठ आवर्तनांत एक स्वर पुढे जायचं ठरवलं, तर पहिल्याचे 96 स्वर होतात तेवढ्या वेळात त्याचे 97 झाले पाहिजेत. त्याची गती 72 वरून फक्त 72.75 होते, जेमतेम एक टक्का जास्त. या प्रमाणाला आपल्या लयकारीत नाव नाही, आणि ते समेवर परतण्यासाठी योजलेलंही नाही. एक स्वर पुढे पोचलं की वादक पुन्हा मूळ गतीला येतो आणि दोघे तिथे स्थिर होतात.

या कल्पनेचा उगम म्हणून तुम्ही घानाचाही उल्लेख केला आहे. राइश तिथे ढोलवादन शिकायला गेले ते 1970 मध्ये, या रचनेनंतर तीन वर्षांनी. आफ्रिकी तालांची संगीत-अभ्यासक ए. एम. जोन्स यांनी केलेली लिपीबद्ध टिपणं त्यांना आधीपासून माहीत होती हे खरं, पण दोन सारखे आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जाण्याची कल्पना आली ती टेपच्या फेऱ्यांतून, म्हणजे ध्वनिफितीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्यातून. अशा टेपवर केलेली त्यांची रचना 'इट्स गॉना रेन' 1965 ची आहे.

आता तक्ता. बारा स्वर असे आहेत: ई, एफ शार्प, बी, सी शार्प, डी, एफ शार्प, ई, सी शार्प, बी, एफ शार्प, डी, सी शार्प. वेगवेगळे स्वर पाचच. विषम जागांवर (1, 3, 5...) फक्त ई, बी, डी येतात आणि हे तिघे सहा जागांनी पुन्हा फिरतात. सम जागांवर (2, 4, 6...) फक्त एफ शार्प आणि सी शार्प, दर चार जागांनी. पहिला गट डाव्या हाताचा, दुसरा उजव्या हाताचा. म्हणजे एकाच वादकाच्या दोन हातांत तीनचं आणि दोनचं चक्र एकमेकांत विणलेलं आहे. सगळी रचना या विणीतून निघते.

दुसरा वादक विषम अंतरावर असतो (1, 3, 5, 7, 9 किंवा 11 स्वर पुढे), तेव्हा प्रत्येक आघातावर डाव्या हाताचा एक आणि उजव्या हाताचा एक स्वर भेटतो. तीन गुणिले दोन, अशा सहाच जोड्या शक्य आहेत, आणि प्रत्येक विषम स्थितीत त्या सहाही जोड्या बरोबर दोन-दोनदा येतात. बदलतो तो फक्त क्रम. सम अंतरावर मात्र डावे स्वर डाव्यांना आणि उजवे उजव्यांना भेटतात, मिसळण थांबते. त्यातही दोन प्रकार. अंतर 4 किंवा 8 असेल तर उजव्या हातांचे स्वर एकरूप होतात. अंतर 2, 6 किंवा 10 असेल तर प्रत्येक सम आघातावर एफ शार्प आणि सी शार्प एकत्र वाजतात आणि आवर्तन ऐकायला बाराऐवजी सहाचं होतं. म्हणजे पहिला विभाग एकसारखा घसरत जात नाही. मिसळण आणि वेगळेपण यांच्यात तो पाळीपाळीने हलतो.

हे ऐकू येतं का? येतं, पण जोड्या मोजून नव्हे. सेकंदाला सात स्वर या वेगात कान खालचे स्वर (ई, एफ शार्प) आणि वरचे स्वर (बी, सी शार्प, डी) आपोआप वेगळे करतो. फक्त खालच्या स्वरांवर लक्ष ठेवा आणि बोटाने ठोका द्या. सुरुवातीला दोघे एकत्र असताना ते 1, 2, 6, 7, 10 या जागांवर येतात. दुसरा वादक एक स्वर पुढे गेला की 1, 2, 5, 6, 7, 9, 10, 12. सहा पुढे गेला की 1, 2, 4, 6 आणि लगेच 7, 8, 10, 12, म्हणजे तोच नमुना दोनदा. ही लय दोघांपैकी एकही वादक एकटा वाजवत नाही, ती दोघांच्या मध्ये तयार होते. ध्वनिमुद्रण चालू ठेवून हा ठोका देऊन पाहा. स्थिती बदलली हे बोटाला आधी कळतं.

तिसऱ्या आक्षेपाची तपासणीही करता येते. मूळ नमुन्यातल्या पाचव्या आणि सहाव्या स्वरांची अदलाबदल करा: डी, एफ शार्पऐवजी एफ शार्प, डी. स्वर तेच, संख्या तीच, प्रक्रियाही तीच. सहाच्या अंतरावर आवर्तन अजूनही अर्धं होईल, कारण कोणत्याही बारा स्वरांचं तसंच होतं. पण दोनच्या अंतरावर तिसऱ्या आघातावर बी आणि एफ शार्प भेटतील, तर नवव्यावर बी आणि डी. सहाचं आवर्तन मोडलं. सम आघातांवरचं एफ शार्प आणि सी शार्प यांचं ते पंचमाचं अंतर विस्कटलं, आणि विषम स्थितींतली सहा जोड्यांची शिस्तही गेली. एका अदलाबदलीने इतकं जातं! सरकवणं कोणालाही जमेल, पण सरकवल्यावर काहीतरी उगवेल असे बारा स्वर शोधणं ही रचना आहे, आणि ती मला विलक्षण सुंदर वाटते. 1968 च्या आपल्या निबंधात राइश यांनी प्रक्रिया आणि ऐकू येणारं संगीत एकच असावं असा आग्रह धरला. तो आग्रह असा स्वरांच्या निवडीतून पूर्ण होतो.

'यंत्र' हा तुमचा शब्द वादकांवरही अन्याय करतो. यात बिघडायच्या जागा पुष्कळ आहेत. दुसरा वादक घाई करतो आणि एक-दोन आवर्तनांतच पुढच्या स्थितीवर उडी मारतो, मग मधला प्रवास ऐकूच येत नाही. किंवा पहिला वादक नकळत त्याच्याबरोबर ओढला जातो, दोघांची गती वाढते आणि अंतर तसंच राहतं. बरोबर मध्यावर, अर्ध्या स्वराच्या अंतरावर, दोघांचे आघात एकमेकांच्या मधोमध पडतात आणि दुप्पट वेगाची, समान अंतरांची माळ तयार होते. ती हाताला इतकी सोयीची वाटते की वादक तिथेच अडकतो. उपाय म्हणजे आधी प्रत्येक स्थिर स्थिती थेट तिथूनच सुरू करून मेट्रोनोमवर पक्की करायची, आणि पोचल्याची खूण जोडीने लक्षात ठेवायची. पहिल्या स्थितीची खूण अशी: समोरच्याच्या पहिल्या ई वर माझा एफ शार्प. पहिल्या वादकाचं काम त्याहून अवघड आहे. त्याने ऐकायचं आणि तरीही प्रतिसाद द्यायचा नाही.

एका गोष्टीत मात्र तुमचं निरीक्षण नेमकं आहे: पहिल्या विभागाचा उत्तरार्ध 'ओळखीचा' वाटतो. सातची स्थिती पाचसारखी, आठची चारसारखी, कारण दोघे सारखाच नमुना वाजवत असतील तर कोण पुढे आहे याने जोड्या बदलत नाहीत, फक्त आवर्तनाची सुरुवात बदलते. दुसऱ्या विभागात नमुना आठ स्वरांचा होतो आणि दोन्ही वादकांचे नमुने वेगवेगळे असतात. त्यामुळे तिथे ही आरशासारखी परतफेड लागू पडत नाही, आणि पूर्ण एकरूप क्षणही येत नाही. तिसऱ्या विभागात पुन्हा एकच नमुना, पण चारच स्वरांचा. अंतर 1 आणि अंतर 3 सारखंच ऐकू येतं, म्हणून खऱ्या अर्थाने वेगळ्या स्थिती तीनच उरतात. पुढच्या वेळी ऐकताना दुसऱ्या विभागापासून सुरुवात करून पाहा. 'काहीच घडत नाही' हा आक्षेप तिथे टिकतो का, ते वाचायला मला आवडेल.