निरोपाचं दुःख शिकलेल्यांनाच कळतं का?

इंग्रज चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनचं 'द लास्ट ऑफ इंग्लंड' हे चित्र माझ्या मनातून जात नाही. जहाजातून मायदेश सोडून निघालेलं एक जोडपं आहे त्यात. मूळ चित्र बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. मी ते फोनवरच पाहिलंय, पण बोटांनी मोठं करून करून, कोपरा न् कोपरा.

१८५२ साली ब्राऊनचा शिल्पकार मित्र थॉमस वूलनर सोन्याच्या आशेने ऑस्ट्रेलियाला निघाला, त्या निरोपातून हे चित्र सुचलं. पूर्ण झालं १८५५ मध्ये. तेव्हा ब्राऊनचीही पैशाची ओढाताण चालली होती आणि आपणही हिंदुस्थानात निघून जावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. चित्रातले नवरा-बायको म्हणजे तो स्वतः आणि त्याची बायको एमा. समुद्रावरचा तो करडा उजेड जसाच्या तसा पकडायला तो कडाक्याच्या थंडीत उघड्यावर रंगवत बसायचा. नुसत्या बायकोच्या बॉनेटच्या, म्हणजे हनुवटीखाली बांधायच्या टोपीच्या, फितींना चार आठवडे लागले.

मागे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे. दोघांचीही त्यांच्याकडे पाठ. कठड्याच्या जाळीला कोबीचे गड्डे टांगलेत, पुढच्या लांबच्या प्रवासाची बेगमी. आणि शालीच्या फटीत, आईच्या मुठीत, बाळाचा एवढासा हात. बाळ दिसतच नाही, फक्त हात. तिथे आलं की मी दरवेळी थांबते.

पण एका बाबतीत ब्राऊनचं मला मुळीच पटत नाही. त्याने मुद्दाम सुशिक्षित मध्यमवर्गीय जोडपं पुढे बसवलं. त्याचं म्हणणं असं, की शिकलेला माणूसच मायदेशाशी खोलवर बांधलेला असतो, अडाण्याला मुख्य चिंता पोटाची. म्हणून बाकीची माणसं मागे, गर्दीत. त्यातला एक तर किनाऱ्याकडे मूठ उगारतोय.

असं कसं म्हणवतं? त्याच शतकात आपल्या कोकणातली माणसं करारावर मजुरी करायला मॉरिशसला गेली. उसाच्या मळ्यात राबायला गेलेली, बहुतेकांना अक्षरओळखही नसलेली माणसं. पोटासाठीच गेली, खरं आहे. पण जाताना गणपती घेऊन गेली, जाखडी घेऊन गेली. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यांची पणतवंडं गणपतीपुढे जाखडी नाचतात.

म्हणून मी हल्ली ते चित्र मोठं केलं की आधी मागची माणसं बघते. मूठ उगारणाऱ्या त्या माणसाला रागच आलाय, हे कशावरून? रडू आवरतानाही मूठ अशीच वळते.