थरथरणारा मणी आणि पिकोन्यूटनचा हिशेब

नमस्कार. आमच्या लेखावर तुमचा आक्षेप असा: पाण्यातला मणी स्वतःच 9 नॅनोमीटर थरथरतो, मग ऑप्टिकल ट्वीझर्सने (मणी पकडणाऱ्या लेसरच्या चिमट्याने) त्या मण्याला ओढणाऱ्या कायनेसिनचं (पेशीत ओझी वाहणाऱ्या प्रथिनाचं) 8 नॅनोमीटरचं पाऊल दिसतं, बळ ‘अचूक’ मोजता येतं, हे सगळं अंदाजपंचेच ना?

थरथरीचा आकडा बरोबर. पण ती थरथर हीच तर आमच्या तराजूची वजनं! लेसरच्या केंद्राशी अडकलेला मणी स्प्रिंगला बांधल्यासारखा वागतो. स्प्रिंग किती ताठ हे कळल्याशिवाय, मणी किती सरकला यावरून बळ काढता येत नाही. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ठरलेली, 4.1 पिकोन्यूटन-नॅनोमीटर (पिकोन्यूटन म्हणजे बळाच्या एककाचा, न्यूटनचा, लाख कोटीवा भाग). तिला थरथरीच्या वर्गाच्या सरासरीने, म्हणजे 81 ने भागा. ताठपणा आला 0.05 पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर.

आता पाऊल. एक मायक्रोमीटरचा मणी अशा स्प्रिंगमध्ये 0.2 मिलिसेकंदात आपली जुनी जागा विसरतो. एटीपी, म्हणजे कायनेसिनचं इंधन, कमी ठेवलं की कायनेसिन प्रत्येक पावलाला रेंगाळतं. ते 50 मिलिसेकंद थांबलं तरी शंभरावर स्वतंत्र नोंदी मिळतात आणि सरासरीतली चूक नॅनोमीटरभर उरते. शिवाय ताणलेलं कायनेसिन मण्याला दुसऱ्या बाजूने धरून ठेवतं, थरथर आणखी घटते. 1993 मध्ये स्वोबोडा, ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी ही पावलं दाखवली ती अशीच.

‘अचूक’ या शब्दाबद्दल मात्र कान पकडतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा एसीचा झोत थेट टेबलावर यायचा. मणी जास्त हलायचा, हिशेबात स्प्रिंग मऊ निघायची, आणि आठवडाभर आम्ही बिचाऱ्या कायनेसिनलाच अशक्त ठरवत होतो. पाणी मण्याच्या हालचालीला किती विरोध करतं यावरून स्प्रिंगचा दुसरा हिशेब केला तेव्हा घोळ कळला. त्यातही मेख आहेच: मण्याचं केंद्र काचेपासून व्यासाइतकं वर असलं, तरी विरोध जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतो.

म्हणून शेवटी आपलं मोजमाप पडताळायला डीएनए ताणून बघतात. नेहमीच्या क्षारतेत 65 पिकोन्यूटनच्या आसपास तो एकदम लांबतो, सुमारे 1.7 पट. तुम्ही विचाराल, हे 65 तरी कुणी ठरवलं? संशोधक बुस्तामांते यांच्या गटाने 1996 मध्ये ते मोजलं, तेव्हा मण्यावरून वळलेल्या प्रकाशाचा संवेग किती बदलला यावरून बळ काढलं होतं. त्यात थरथर नाही, स्प्रिंगही नाही.

लेखात कायनेसिनच्या बळापुढचा ‘अचूक’ काढून ‘6 पिकोन्यूटन, दहा टक्के इकडेतिकडे’ असं केलंय.