मापात पाप

हातात दुधी घेतलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी परवा भर दुकानात मला, "साहेब, तुम्हाला चक्क गंडवलंय," असं सांगितलं आणि तिथल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. राग अजून उतरलेला नाही, कारण त्यांना गप्प करणारं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१० सालचा. मी डीटीपीची किरकोळ कामं करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला डोंगल (अस्सल प्रत आहे हे पटवणारी, कॉम्प्युटरला खुपसायची किल्ली) लागतो, आणि तो डोंगल बसतो पॅरलल पोर्टात, म्हणजे पूर्वी ज्याला प्रिंटर लावायचे त्या पंचवीस पिनांच्या लांबोड्या भोकात. हल्लीच्या कॉम्प्युटरला ते भोक ठेवत नाहीत. त्यामुळे "आता नवीनच घेऊन टाका ना," हा सल्ला मला कोणी देऊ नये. तरी देतात. डोंबिवलीत हा सल्ला घरपोच मिळतो.

तर हार्ड डिस्क कटकटायला लागली, खराब सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या कप्प्यांचा, आकडा वाढताना दिसला आणि मी दोन नव्या डिस्क घेऊन आलो. विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) आणि कामाच्या फायलींसाठी चार टीबीची साधी हार्ड डिस्क. आणल्या लॅमिंग्टन रोडवरून. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारला तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. तिथल्या दुकानदारांकडे भाव का वाढलाय याचं कारण कायम तयार असतं. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, कारखाने पाण्यात गेले, डिस्कचे भाव जगभर भडकले. ते कारण खरं होतं. पूर ओसरल्यानंतरही बराच काळ मला तोच पूर ऐकवत होते, ही गोष्ट वेगळी. या खेपेला एआयचं नाव सांगितलं. मी सोसायटीचा अहवाल जुळवणार, आणि त्याचा भाव एआय ठरवणार.

घरी पेटी उघडली तर पॉवर सप्लायला साटाचे प्लग दोनच. एक जुन्या डिस्कला, एक डीव्हीडी रायटरला. शिवाय एसएसडी अडीच इंची आणि पेटीतली खाच साडेतीन इंची. शेवटी सगळं रिक्षात घालून जवळच्या रिपेअरवाल्याकडे नेलं.

काउंटरवर एक पोरगा होता, कानात इअरबड. त्याने पेटीचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि मोबाइल काढून फोटो घेतला.

"हे कशाला?"

"स्टेटसला टाकतो काका. असलं आता बघायला मिळत नाही."

मी काही बोललो नाही. काम त्याच्याच हातात होतं. त्याने डीव्हीडी रायटरचा प्लग उपटला, एसएसडी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने पेटीच्या पत्र्याला चिकटवली ("यात फिरणारं काही नसतंय काका, कशीपण ठेवा"), तासभर खपून विंडोज सात चढवलं आणि मग मोठी डिस्क जोडली. पडद्यावर आकडा उमटला: ३७२५ जीबी.

दुधीवाले तोवर शेजारच्या स्टुलावर बसून होते. मुलीच्या लॅपटॉपचं एक बटण निखळलं होतं, त्यासाठी आलेले. आता ते उठून पडद्याजवळ आले.

"चार टीबी म्हणजे चार हजार जीबी ना?"

"हो."

"मग हे काय? पावणेतीनशे जीबी गेले की ओ!"

मी समजावलं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत. म्हणून चार टीबी तिथे तीन पॉइंट त्रेसष्ट दिसतात. २४० ची एसएसडी २२३ दिसते. जुनी ५०० ची डिस्क इतकी वर्षं ४६५ च दिसत होती, मी कधी तक्रार केली नाही.

"म्हणजे विकताना एक माप आणि घरी आणल्यावर दुसरं."

"वस्तू तेवढीच असते हो. मोजायची पद्धत वेगळी."

"आमचा दूधवाला डिट्टो हेच म्हणतो."

दुकान हसलं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या फोनचं पण तसंच. एकशे अठ्ठावीसचा म्हणून दिला आणि आत बघितलं तर शंभरपण रिकामे नव्हते." त्या जागेत फोनची स्वतःची सिस्टीम असते, ते प्रकरण निराळं, हे मी सांगायला गेलो. बाईंनी मला हाताने थांबवलं. त्यांना दुधीवाल्यांचं ऐकायचं होतं.

दुधीवाले आता रंगात आले होते. "वैधमापनवाल्यांकडे तक्रार टाका. पेट्रोलपंपवाले त्यांनाच घाबरतात. एका कागदावर लिहायचं, चार हजार छापलंय, सदतीसशे पंचवीस भरले. बस्स."

मी शेवटचा प्रयत्न केला. सांगितलं की हा घोळ जगाला ठाऊक आहे. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने एक हजार चोवीसवाल्या मापाला गिबीबाइट असं स्वतंत्र नाव दिलं, अॅपलने २००९ पासून मॅकवर सरळ हजारानेच मोजायला घेतलं, विंडोज मात्र मोजतं एका मापाने आणि लिहितं दुसऱ्याचं नाव.

"म्हणजे आयोगसुद्धा बसला होता!" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आयोग बसला आणि तरी चालूच आहे. लिहून घ्या तुम्ही."

माझ्याच पुराव्याने मी हरलो. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, सगळं धूड टनाच्या घरातलं, आणि मावायचं साधारण पाच एमबी. ती घेणाऱ्यांना असा दुधी घेतलेला माणूस भेटला नसणार.

इतक्यात पोराने काहीतरी दाबलं आणि पडद्यावर डिस्कचे दोन तुकडे झाले. एक २०४८ चा, दुसरा १६७७ चा, आणि त्या दुसऱ्याला हातच लावता येईना.

दुधीवाल्यांनी दुधी काउंटरवर ठेवला. "आता?"

"एमबीआर झालं," पोरगा म्हणाला, जणू पाऊस आला. एमबीआर ही डिस्कची वाटणी लिहून ठेवायची पद्धत १९८३ च्या डॉसबरोबर आली. तिच्यात सेक्टरांचे नंबर लिहायला बत्तीस बिट ठेवलेत, एक सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे दोन टीबीच्या पुढची जमीन तिला सातबाऱ्यावर चढवताच येत नाही. त्यावर उपाय जीपीटी, म्हणजे वाटणी लिहायची नवी पद्धत. पोराने जीपीटी केलं. आकडा परत ३७२५.

"बघा," दुधीवाले सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "आवाज केला की परत देतात."

आणि खरं सांगायचं तर दुकानात त्या क्षणी त्यांच्या बाजूने पुरावा होता, माझ्या बाजूने फक्त माहिती. लॅपटॉपचं बटण बसवून ते निघाले तेव्हा बाईंनी त्यांना नमस्कार केला. मला पोराने बिल दिलं. त्यात लेबर वेगळं, आणि लेबरच्या खाली "जुने मशीन" म्हणून आणखी वेगळं. मी विचारलं, तर म्हणाला, "जुन्यात डोकं जास्त लागतं काका." चालू असलेली वस्तू चालू ठेवायला दंड भरावा लागतो, आणि तो भरताना आपणच कंजूष ठरतो. सहा गिगाबिटची एसएसडी माझ्या बोर्डावरच्या तीन गिगाबिटच्या पोर्टातून निम्म्या वेगाने पळणार, हेही त्याने पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं.

घरी आणून लावलं तर निळा पडदा, म्हणजे विंडोजने मान टाकलेली. फोन केला. "इथे तर चालत होता काका. घेऊन या." परत रिक्षा, परत काउंटर, कदाचित परत दुधी. नाही गेलो. स्वतःच शोधत बसलो. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. वायर काढली की बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) सगळं विसरून मूळपदावर जायचं, डिस्कशी बोलायचा पोराने लावलेला नवा एएचसीआय मोड सोडून डिस्क जुन्या आयडीईवर पडायची, आणि एएचसीआयवर चढवलेलं विंडोज तिला ओळखच देईना. सीआर२०३२ सेल घड्याळजीकडे मिळाला. तो माझ्या पूर्ण खर्चातला एकमेव भाग, जो देताना कोणी काही सुनावलं नाही.

काल डोंगल लागला, फॉन्ट उघडले, सोसायटीचा अहवाल जुळवून झाला. फाइल पाठवल्यावर दहाच मिनिटांत सेक्रेटरींचा फोन. "अहो, आमच्याकडे नुसते चौकोन आणि इंग्रजी अक्षरं दिसतायत. युनिकोडमध्ये पाठवा ना, आता सगळे तेच वापरतात. आणि ऐका, तो कॉम्प्युटर आता बदला."

मी प्रिंट काढून त्यांच्या दाराखालून सरकवली.