फिरता निधी बाईच्या नाही, गटाच्या खात्यात येतो

‘उमेदच्या प्रत्येक बाईला 30,000 रुपये मिळणार, आधार आणि 200 रुपये द्या,’ हा मेसेज विदर्भातल्या बचत गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

उमेद म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. त्याच्या नियमांनुसार फिरता निधी, म्हणजे गटाने आपल्याच बायांना आळीपाळीने कर्ज द्यायचे पैसे, गटाला मिळतो, बाईला वेगळा नाही. त्यासाठी गट किमान तीन महिने पंचसूत्रीने चाललेला हवा: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. अर्जाला पैसे लागत नाहीत. गटाचं पासबुक उघडा, जमा तिथेच दिसेल.

खरं नुकसान पुढे होतं. गटाला आलेला निधी दहाजणी तीन-तीन हजार असा वाटून घेतात, परतफेड थांबते आणि बँकेच्या कर्जाचा प्रस्ताव अडतो. गरजेनुसार दोघी-तिघींनाच कर्ज म्हणून द्या, ठराव लिहा, हप्ता ठरवा. शंका असेल तर ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, बैठकीत विचारा. जुन्या गटांच्या ताया नोंदवही दाखवून समजावतात.

ताईंनो, तो मेसेज पुढे पाठवू नका.