गाडीखाली शिरलं की काकांना कंठ फुटतो

रविवारी पार्किंगमध्ये जिप्सीखाली शिरलो रे शिरलो, की सोसायटीतले समस्त काका हजर. ‘काय, बिघडली वाटतं पुन्हा?’ अहो, बिघडू नये म्हणूनच आडवा झालोय! मुळशीकडे ओढ्यात गाडी घातली की तापलेला ॲक्सल एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे ॲक्सलच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. मग डिफरन्शियलचं (म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरांचं) ऑइल चहासारखं दुधाळ! म्हणून ब्रीदरला लांब नळी जोडून पार बॉनेटखाली वर नेतोय. नाना पेठेतून नळी आणली, क्लिपा आणल्या (त्याही भलत्याच मापाच्या निघाल्या, असो). तोंडावर ऑइलचे थेंब झेलत हे सगळं समजावावं, तर पुढचा प्रश्न तयारच: ‘ॲव्हरेज किती देते हो?’ आणि वर, ‘शोरूमला टाकायची ना सरळ!’