‘दीड महिन्यात बेल्ट पुन्हा ओरडायला लागला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या २०१० च्या तीन लिटर डिझेल फॉर्च्युनरला आम्ही नवा फॅन बेल्ट टाकला. दीड महिन्यात सकाळचा ‘चींऽऽ’ आवाज परत सुरू झाला आणि गाडी दाखवायला आणलीत तेव्हा आम्ही टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारा भाग, बदलायला सांगितला. ‘आधी बेल्टचे पैसे, आता टेन्शनरचे, ही लूट आहे. दुसरीकडे नुसता स्प्रे मारला आणि आवाज गेला,’ असं तुम्ही लिहिलंय.

चूक आमची आहे. टेन्शनर गेलाय हे खरं, पण ते बेल्ट टाकायच्या आधी कळायला हवं होतं. बेल्ट उतरवला की टेन्शनरची आणि आयडलरची (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाची) पुली हाताने फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात. जॉब कार्डवर त्याची नोंद नाही, म्हणजे ते कुणी केलंच नाही. दोन्ही वेळची मजुरी परत करतो.

मात्र स्प्रेवर विसंबून घाटात जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

जुन्या जिपांमध्ये अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल करून, पहारीने रेटून बेल्ट ताणायचे. तुमच्या गाडीत ते काम टेन्शनरचा स्प्रिंगवरचा आर्म स्वतःच करतो. एवढ्या वर्षांत आर्मचा बुश, म्हणजे तो ज्यावर फिरतो ती नळी, झिजतो आणि पुली किंचित तिरकी होते. तुमच्या गाडीत नेमकं तेच झालंय. बेल्टची बाहेरची कड चकाकत होती, तिथून दोरे सुटले होते आणि ब्रॅकेटवर काळी भुकटी साठली होती. पुली फिरवली तर कोरडी घरघर येत होती, म्हणजे बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय. पाण्याचे ओढे आणि चिखल तुडवणाऱ्या फोर बाय फोरमध्ये हे लवकर होतं. त्यात वॉशिंगवाल्याने प्रेशरचा फवारा थेट पुलीवर मारला, की सीलच्या आत पाणी जातं. फवारा तिथे मारू देऊ नका.

स्प्रेने बेल्ट चिकट होतो म्हणून आवाज थांबतो. तिरकी पुली तिरकीच राहते आणि त्या चिकट्यावर धूळ बसून बेल्टच्या खाचा आणखी झिजतात. एरवी एक सोपी परीक्षा असते: इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी पडतोय. स्प्रे मारल्यामुळे तुमच्या बेल्टवर ही परीक्षा आता खात्रीची राहिलेली नाही.

बेअरिंग जाम झालं तर बेल्ट जळतो किंवा उडतो. त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप आहेत. बॅटरीचा दिवा लागला, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून चालवली तर इंजिन तापून हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या जोडातल्या सीलचा) खर्च येईल. तुम्ही विचारलेला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह चालवणारा, वेगळा असतो, त्याचा या आवाजाशी संबंध नाही.

काम कुठेही करा, पण असं करून घ्या. बेल्ट काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचा फोटो काढायचा. पाना लावून आर्म हळू फिरवायचा आणि तसाच हळू सोडायचा. झटक्याने सोडला तर टेन्शनरला मार बसतो. फक्त पुली बदलून भागणार नाही, कारण झीज आर्मच्या बुशमध्ये आहे. पूर्ण टेन्शनर हवा. आयडलर घरघरत असेल तर तोही लगेच बदला. बोल्ट आधी हाताने लावून मग टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळायचे. हवेच्या गनने आवळले तर आटे जातात. पुल्यांच्या खाचा ब्रशने कोरड्या साफ करायच्या. पॉवर स्टीअरिंगचं ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवायचं, कारण तेलाने रबर फुगतं. शेवटी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बेल्टची प्रत्येक रांग खाचेत बसली का ते बघायचं.

मग इंजिन चालू करून आर्मकडे बघा. हलकी थरथर चालते. आर्म धडधड उड्या मारत असेल तर अल्टरनेटरची पुली तपासा. तिच्यात वन-वे क्लच (एकाच दिशेने पकडणारा) असेल आणि तो जाम झाला असेल, तर नवा टेन्शनरही लवकर जातो.

स्प्रे लागलेला आणि कडेने झिजलेला बेल्ट परत वापरू नका. नवा आम्ही आमच्या खर्चाने टाकू, मजुरी घेणार नाही. टेन्शनरची किंमत तेवढी तुमच्याकडे राहील, आणि तो कंपनीच्या बंद खोक्यातून तुमच्यासमोर काढू. गाडी आदल्या रात्री आणून ठेवलीत तर बरं, म्हणजे सकाळी थंड इंजिनवर पहिला स्टार्ट तुमच्यासमोरच मारू.