बोअर मारायच्या आधी हीटचा हिशोब करा

थंडीत पहाटे आडाचं पाणी शेंदलंय कधी? बादली वर आली की वाफा निघतात, अंगावर घेतलं तर चक्क कोमट लागतं, आणि मे महिन्यात तेच पाणी गार. पाण्याचं तापमान तेवढंच असतं हो, बदलते ती वरची हवा. दहाएक मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीइतकं. ग्राउंड सोर्स हीट पंप, म्हणजे थंडीत जमिनीतली हीट वर आणणारा आणि उन्हाळ्यात इमारतीची हीट जमिनीत सोडणारा पंप, चालतो तो याच्याच जीवावर.

मी एसी प्लांटच्या कामात आहे आणि यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे अमेरिकेत इंडियानातली बॉल स्टेट युनिव्हर्सिटी. कोळशाचे बॉयलर म्हातारे झालेले, नवा बॉयलर बजेटात बसेना, मग २००९ मध्ये यांनी बोअर मारायला घेतले, एकदोन नाही, साधारण ३६००, प्रत्येक ४००-५०० फूट! आपल्याकडे बोअर म्हटलं की पहिला प्रश्न पाणी लागलं का, इथे पाणी उपसायचंच नाही, प्लास्टिकचा पाइप खाली सोडून वळवून वर आणायचा, भोक बुजवायचं, आणि आतलं पाणी तेच तेच फिरत राहतं. उन्हाळ्यात ४७ इमारतींची हीट खाली ठेवायची, बर्फ पडायला लागला की तीच वर ओढायची. २०१४ मध्ये कोळसा कायमचा बंद. मला तर हे वाचून भरूनच आलं होतं.

पंप हीट तयार करत नाही, इकडची तिकडे नेतो, म्हणून १ युनिट विजेत ३-४ युनिट हीट मिळते. आणि कॅम्पस मोठा असला की एका इमारतीला गारवा हवा असतो त्याच वेळी दुसरीला गरम पाणी, एकीची हीट दुसरीला दिली की जमिनीपर्यंत जायचीही गरज पडत नाही. मोठ्या इमारतींना हे शोभतं ते म्हणूनच.

पण हेच जसंच्या तसं पुण्या-मुंबईत विकायला निघालेल्यांशी माझं भांडण आहे. मुंबईत जमीनच २७ अंशांच्या आसपास, आणि आपण बारा महिने खाली हीट टाकतच राहणार, परत काढणार कोण? दरवर्षी जमीन थोडी थोडी तापत जाणार आणि पाचसात वर्षांनी प्लांटचं वीजबिल वाढायला लागलं की दोष मशीनला. पुण्यात कोरड्या दिवसांत साधा कूलिंग टॉवर (थोड्या पाण्याची वाफ करून बाकीचं गार करणारा) जमिनीपेक्षा गार पाणी देऊ शकतो. टॉवर पाणी पितो हे मान्य, मराठवाड्यात तो मुद्दा खरंच मोठा आहे, तिथे गणित वेगळं मांडायला हवं.

आपल्याकडे खरी जागा आहे हॉस्पिटल आणि मोठी हॉटेलं, जिथे बारा महिने एसीही लागतो आणि गरम पाणीही. एकाच हीट पंपातून दोन्ही घ्या, तेही एकसुद्धा बोअर न मारता. आत्ता आपण काय करतो, गच्चीवर चिलरची (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशीनची) हीट हवेत फेकतो आणि खाली बेसमेंटमध्ये डिझेल जाळून पाणी तापवतो, एकाच इमारतीत, एकाच वेळी!! कुणाच्या हॉस्पिटलात हे जोडून घेतलं असेल तर डिझेल किती वाचलं ते मला नक्की कळवा, मला बघायला यायचंय.